सुगम वाद्यवृंद-संगीत आणि स्मरणरंजन : एक विवेचन

१

इंग्लंडमध्ये 'लाइट म्यूझिक' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाद्यवृंद-संगीताचा समीक्षेत उल्लेख झालाच, तर तो बहुधा दोन वाक्यांत आटोपतो : हे संगीत गोड आहे, आणि ते जुन्या दिवसांची आठवण करून देते. यातील पहिले वाक्य कौतुकाचे वाटले तरी त्यात उपेक्षेची छटा आहे. दुसऱ्यात तर उपेक्षा उघडच आहे. एखाद्या कृतीची सारी मोहिनी तिच्याभोवती साचलेल्या आठवणींत आहे असे एकदा म्हटले, की त्या कृतीचे स्वतःचे मूल्य तपासण्याची गरज उरत नाही. जुन्या पोथीत ठेवलेले पिंपळपान कोणी झाडाची जात ओळखण्यासाठी बाहेर काढीत नाही. ज्याने ते ठेवले त्याची खूण म्हणूनच ते जपले जाते. सुगम वाद्यवृंद-संगीताची गणना अशाच पिंपळपानांत झाली आहे. ती कितपत न्याय्य आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम विषयाची मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. मराठीत 'सुगम संगीत' म्हटले की भावगीत डोळ्यांपुढे येते. तेथे शब्द प्रधान असतो. येथे अभिप्रेत असलेले संगीत शब्दरहित आहे. सिंफनीसाठी जी वाद्ये लागतात तीच येथेही असतात. फरक आहे तो प्रयोजनाचा आणि विस्ताराचा. रचना तीन-चार मिनिटांची, धून पहिल्याच श्रवणात मनात राहणारी, आणि वाद्ययोजना मात्र अत्यंत कसबी, अशी या प्रकाराची सर्वसाधारण लक्षणे सांगता येतील. आल्बर्ट केटल्बी (१८७५–१९५९), एरिक कोट्स (१८८६–१९५७), रोनाल्ड बिंज (१९१०–१९७९) आणि कॅनडातून इंग्लंडात येऊन स्थिरावलेले रॉबर्ट फार्नन (१९१७–२००५) ही या परंपरेतील प्रमुख नावे होत. यांपैकी कोट्स हे हेन्री वुड यांच्या क्वीन्स हॉल वाद्यवृंदात व्हायोलावादक होते. गंभीर संगीताची सर्व विद्या हाताशी असून त्यांनी ती या लहान आकारात वापरली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

२

संगीत आणि गतकाळाची ओढ यांच्या संबंधाचा विचार युरोपात बराच जुना आहे. 'नॉस्टॅल्जिया' हा शब्दच मुळी वैद्यकाच्या क्षेत्रात जन्माला आला. १६८८ साली बाझेल येथे योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात घरापासून दूर पडलेल्या माणसांच्या विकाराला ग्रीक शब्द जोडून हे नाव दिले. पुढे परदेशी सैन्यांत चाकरी करणाऱ्या स्विस शिपायांशी हा विकार विशेषेकरून जोडला गेला. डोंगरातील गुराख्यांची एक धून कानी पडताच हे शिपाई व्याकूळ होत, काही पळून जात, अशी ख्याती होती. १७६८ च्या आपल्या संगीतकोशात रूसोने या धुनेचा परामर्श घेतला आणि एक मार्मिक निर्णय दिला. त्याच्या मते त्या धुनेच्या स्वरांत असे सामर्थ्य शोधणे व्यर्थ आहे. कारण परक्या माणसावर तिचा असा परिणाम मुळीच होत नाही. जो परिणाम होतो तो सवयीचा आणि आठवणींचा. तेथे संगीत हे संगीत म्हणून नव्हे, तर स्मृतीची खूण म्हणून कार्य करते.

सुगम वाद्यवृंद-संगीताविषयीचा रूढ अभिप्राय हा वस्तुतः रूसोचाच अभिप्राय आहे. आणि या संगीताचा इतिहास पाहिला, तर त्याला भरपूर आधार सापडतो. हे संगीत विसाव्या शतकात ज्या मार्गाने घरोघरी पोचले तो मार्ग म्हणजे नभोवाणी. नभोवाणीने त्याला संकेतधुनेचे काम दिले. १९३३ साली कोट्स यांच्या 'लंडन' स्वीटमधील 'नाइट्सब्रिज' हा मार्च बी. बी. सी.च्या 'इन टाउन टुनाइट' या कार्यक्रमाच्या आरंभी वाजू लागला आणि त्या धुनेचे नाव विचारणारी श्रोत्यांची पत्रे हजारोंनी आली. आर्थर वुड यांच्या १९२४ च्या स्वीटमधील 'बारिक ग्रीन' हे नृत्य १९५१ साली देशभर सुरू झालेल्या 'द आर्चर्स' या ग्रामीण श्रुतिकामालेला जोडले गेले, आणि पिढ्यांमागून पिढ्यांनी ते त्याच संदर्भात ऐकले. चार्ल्स विल्यम्स यांचे 'डेव्हिल्स गॅलप' हे १९४६ ते १९५१ या काळात डिक बार्टन या गुप्तहेराच्या साहसकथांचे द्वारपाल होते. बिंज यांच्या १९६३ च्या 'सेलिंग बाय' या वॉल्ट्झनंतर रात्री उशिरा समुद्रावरील हवामानाचा अंदाज वाचला जाई. कित्येक ब्रिटिश श्रोत्यांना ती धून निजण्याच्या वेळेपासून वेगळी करताच येत नाही.

येथे आणखी एक गोष्ट घडली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चॅपेल या प्रकाशनसंस्थेने चित्रपट, वार्तापट आणि नभोवाणी यांच्या उपयोगासाठी अशा संगीताचा ध्वनिमुद्रित संग्रह उभारण्यास आरंभ केला. या ध्वनिमुद्रिका सर्वसामान्य ग्राहकासाठी नव्हत्या. त्यामुळे लक्षावधी लोकांच्या कानांत बसलेली धून कोणाची, तिचे नाव काय, हे त्यांना कधी कळलेच नाही. नाव नाही, कर्ता नाही, प्रारंभीच्या काही मात्रांपलीकडे ऐकण्याची संधी नाही. अशा स्थितीत धून खूण होऊन बसली तर नवल नाही. आकाशवाणीच्या संकेतधुनेचा अनुभव असलेल्या भारतीय श्रोत्याला हे विस्ताराने सांगण्याची गरज नाही. १९३४ साली मुंबईत आश्रयास आलेल्या वॉल्टर काउफमान यांच्या नावावर असलेली ती धून कानी पडताच अनेकांना पहाट, चहाचे आधण आणि वडीलधाऱ्यांची लगबग आठवते. तिच्या स्वररचनेचा विचार क्वचितच कोणी करतो.

३

तथापि हा सिद्धान्त पूर्ण नाही. तो पूर्ण असता तर या रचना नव्या होत्या तेव्हा त्यांत गतकाळाची ओढ जाणवावयास नको होती. प्रत्यक्षात ती आरंभापासूनच त्यांच्यात होती. याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण मान्तोवानी यांच्या वाद्यवृंदाने १९५१ साली लोकप्रिय केलेले 'शार्मेन' हे होय. मूळ धून १९२६ ची, मूकपटाच्या युगातील. म्हणजे ज्या वर्षी ती नव्या रूपाने गाजली, त्या वर्षीच ती पंचवीस वर्षांची जुनी होती. परंतु खरी महत्त्वाची गोष्ट धुनेचे वय ही नव्हे. बिंज यांनी तिच्यासाठी केलेली वाद्ययोजना ही होय. त्यांनी व्हायोलिनवादकांचे अनेक गट पाडले आणि धुनेचा एकेक स्वर एकेका गटाकडे सोपविला. प्रत्येक गट आपला स्वर धरून ठेवतो, तोवर दुसरा गट पुढचा स्वर घेतो. परिणामी धून पुढे सरकत असताना तिचा मागचा स्वर विरत विरत रेंगाळतो. मोठ्या चर्चच्या घुमटाखाली जो प्रतिध्वनी ऐकू येतो, तो येथे कोणत्याही यंत्राच्या साहाय्यावाचून केवळ लेखणीने साधला आहे. वर्तमान स्वरात गेलेला स्वर अजून ऐकू येत राहणे, हेच या योजनेचे मर्म आहे. स्मरणरंजन येथे श्रोत्याने बाहेरून आणलेले नाही. ते स्वरलिपीतच लिहिलेले आहे.

हीच गोष्ट या रचनांच्या आकृतिबंधाविषयी सांगता येईल. बहुतेक रचना त्रिखंडात्मक असतात : पहिली धून, मग निराळ्या भावाची दुसरी धून, आणि अखेरीस पहिलीचे पुनरागमन, बहुधा अधिक भरदार वाद्ययोजनेत. हा आकृतिबंध युरोपीय संगीतात सर्वत्र आढळतो हे खरे. परंतु सिंफनीत परत येण्यापूर्वी धुनेला मोठा प्रवास करावा लागतो, आणि परतताना ती बदललेली असते. येथे प्रवास इतका लहान असतो की धून फारशी न बदलता परतते. तिचे परतणे हाच या रचनांचा परमोच्च क्षण असतो. तीन मिनिटांत काही हरवून पुन्हा सापडल्याचे समाधान श्रोत्याला मिळते. प्रत्यक्ष आयुष्यात गतकाळ परत येत नाही. येथे तो ठरल्या वेळी परत येतो.

शिवाय ही ओढ अनुभवावर अवलंबून नाही, याचीही साक्ष मिळते. या संगीतातील अमेरिकन शाखेचे प्रमुख लिरॉय अँडरसन यांनी आपल्या 'स्ले राइड' या रचनेचा आरंभ १९४६ च्या जुलै महिन्यात, ऐन उष्णतेच्या लाटेत केला. ती पुरी झाली १९४८ साली. बर्फावरून धावणाऱ्या घोडागाडीची ही धून ज्यांच्या मनात नाताळची हुरहूर जागी करते, त्यांच्यापैकी फार थोडे अशा गाडीत कधी बसले असतील. कोट्स यांचे 'बाय द स्लीपी लगून' (१९३०) हे नावावरून उष्ण कटिबंधातील वाटते. पण ते सुचले इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, ससेक्स परगण्यात, संध्याकाळचा समुद्र पाहताना. जे पाहिलेच नाही त्याची आठवण, असा हा प्रकार आहे.

अशा आठवणीचा विचार संस्कृत साहित्यशास्त्राने फार पूर्वी केला आहे, आणि रूसोच्या मताला तो योग्य पूरक ठरतो. शाकुंतलाच्या पाचव्या अंकात हंसपदिकेचे गाणे कानी पडताच दुष्यंत अस्वस्थ होतो. कोणा प्रियजनाचा विरह नसता हे काय होते, असा प्रश्न त्याला पडतो; आणि रम्य दृश्यांनी व मधुर ध्वनींनी सुखी जीवही उत्सुक होतो तो जन्मांतरीची काही सौहृदे नकळत आठवतात म्हणून, असे उत्तर तो स्वतःच देतो. या श्लोकाच्या आधारे अभिनवगुप्ताने एक सूक्ष्म भेद केला. येथे जी 'स्मृती' सांगितली ती नैयायिकांची स्मृती नव्हे, कारण तिचा विषय पूर्वी अनुभवलेलाच नाही. ती प्रतिभानाच्या जातीची, साक्षात्कारासारखी प्रतीती आहे, असे तो म्हणतो. रूसोच्या शिपायाला ठराविक डोंगर आठवतो. दुष्यंताला काय आठवते हे त्याचे त्यालाच सांगता येत नाही. पहिली स्मृती परक्याला अगम्य आहे, दुसरी सहृदयाला सर्वत्र खुली आहे. सुगम वाद्यवृंद-संगीताचे आवाहन या दोन्ही प्रकारचे आहे; समीक्षेने आजवर पहिल्याचीच दखल घेतली.

या ठिकाणी परक्या श्रोत्याची कसोटी उपयोगी पडते. बी. बी. सी.चा 'लाइट प्रोग्रॅम' (१९४५–१९६७) ज्याने कधी ऐकला नाही, अशा मराठी श्रोत्याला 'सेलिंग बाय' ऐकवले तर त्याला समुद्रावरील हवामान आठवणार नाही. पण हुरहूर मात्र वाटू शकेल. अर्थात ही कसोटी अगदी निर्भेळ नाही. मुंबईच्या चित्रपटसंगीतात व्हायोलिनांच्या ताफ्याची योजना गोमंतकीय वादकांनी आणि सेबास्टियन डिसोझा यांच्यासारख्या संयोजकांनी रुजविली, आणि त्या नादाला मराठी कान सरावलेला आहे. म्हणजे हा श्रोता संदर्भाने परका असला, तरी नादाने पुरता परका नाही. तरीही एवढे सिद्ध होते की विशिष्ट आठवण वजा केली असता शून्य उरत नाही.

४

येथपर्यंतचे विवेचन या संगीताच्या बाजूचे झाले. परंतु दुष्यंताच्या उदाहरणात आणखी एक अर्थ आहे. राजाला वाटते की आपल्याला कोणाचाच विरह नाही; प्रेक्षकाला मात्र ठाऊक असते की तो शकुंतलेला विसरला आहे. त्याच्या अनाम हुरहुरीमागे एक खरे विस्मरण आहे. मधुर ध्वनीने मन भरून येते, आणि तेवढ्यात समाधान मानले तर काय विसरले गेले याचा शोध थांबतो. सुगम वाद्यवृंद-संगीताच्या स्मरणरंजनाला हाच धोका आहे.

'म्यूझिक व्हाइल यू वर्क' या कार्यक्रमाचे उदाहरण घ्यावे. तो १९४० च्या जूनमध्ये सुरू झाला आणि १९६७ पर्यंत चालला. कोट्स यांचा 'कॉलिंग ऑल वर्कर्स' हा मार्च त्याची संकेतधून होता. पत्नी रेडक्रॉसच्या केंद्रात काम करीत असताना कोट्स यांनी तो लिहिला होता. आज ती धून अनेकांना निवांत घराची, सकाळच्या उन्हाची आणि आईच्या कामाच्या वेळेची आठवण देते. परंतु हा कार्यक्रम निघाला तो युद्धसामग्रीच्या कारखान्यांसाठी, उत्पादन वाढावे म्हणून. यंत्रांच्या घरघरीतून धून ऐकू यावी, तिचा आवाज फार चढू-उतरू नये, कामगाराचे चित्त कामावरून ढळू नये, असे नियम त्यास होते. 'डीप इन द हार्ट ऑफ टेक्सस' हे गाणे वर्ज्य झाले, कारण त्यातील टाळ्यांच्या जागी कामगार हातातील हत्यारे ठोकीत. बाँबच्या छायेखाली, पाळ्यांनी राबणाऱ्या माणसांचा वेग राखण्यासाठी योजलेले संगीत पुढच्या पिढीस शांततेचे प्रतीक वाटावे, यात स्मृतीपेक्षा विस्मृतीचाच वाटा मोठा आहे.

केटल्बी यांच्या 'इन अ पर्शियन मार्केट' (१९२०) या रचनेविषयी तर अधिक स्पष्ट बोलावे लागते. उंटांचा तांडा, बक्षिसाची याचना करणारे भिकारी, सुंदर राजकन्या, गारुडी, खलिफा ही सारी पात्रे तीत क्रमाने येतात व जातात. राजकन्येची धून खरोखर सुरेल आहे, आणि लहान अवकाशात इतकी चित्रे उभी करण्याचे कौशल्यही निर्विवाद आहे. परंतु हा बाजार इराणात कोठेही नव्हता; तो साम्राज्याच्या राजधानीत बसलेल्या श्रोत्यासाठी रचलेला देखावा आहे. ज्यांना बक्षिसासाठी ओरडायला लावले आहे, त्यांच्या वंशजांनी ही धून कोणत्या स्मरणरंजनाने ऐकावी? भारतीय समीक्षकाला हा प्रश्न टाळता येत नाही.

अडोर्नो या जर्मन विचारवंताने १९३८ च्या आपल्या निबंधात करमणुकीच्या संगीतावर ठेवलेला आरोप या संदर्भात प्रसिद्ध आहे. अशा संगीताने श्रवणाची शक्तीच मागे जाते. श्रोता समग्र रचना न ऐकता ओळखीचे तुकडे तेवढे वेचतो, असा त्या आरोपाचा आशय. या आरोपात तथ्य आहे. पण तो रोख चुकवितो. 'स्लीपी लगून'चे काय झाले ते पाहावे. १९४२ साली सुरू झालेल्या 'डेझर्ट आयलंड डिस्क्स' या कार्यक्रमाने ही धून आरंभास घेतली आणि तिच्यावर समुद्रपक्ष्यांचे आवाज चढविले. पाहुण्याने निर्जन बेटावर नेण्यासाठी आठ ध्वनिमुद्रिका निवडावयाच्या आणि त्या निमित्ताने आपले आयुष्य आठवावयाचे, असे त्या कार्यक्रमाचे स्वरूप. म्हणजे स्मरणाच्याच कार्यक्रमाची ही खूण झाली. पण पक्ष्यांच्या आवाजाखाली काही सेकंदांतच धून मंदावते आणि बोलणे सुरू होते. पुढे कोट्स यांनी काय रचले आहे, दुसऱ्या खंडात धून कोणते वळण घेते, ती परतते कशी, हे बहुसंख्य श्रोत्यांनी ऐकलेलेच नाही. तुकडे करण्याचे हे काम रचनेने केलेले नाही, तिच्या उपयोगाने केले आहे. अडोर्नोने जो दोष संगीताच्या पदरी घातला, तो पुष्कळ अंशी संकेतधुनेच्या व्यवस्थेचा आहे.

५

यावरून निष्कर्ष असा निघतो की स्मरणरंजनाने या संगीताला एकाच वेळी तारले आणि मारले. तारले असे, की १९६७ साली 'लाइट प्रोग्रॅम' बंद झाल्यावर आणि नभोवाणीवरील सुगम वाद्यवृंद एकामागून एक मोडले गेल्यावरही काही धुना लोकांच्या कानांत राहिल्या. त्यांची आठवण नसती तर हस्तलिखिते शोधण्याचे कष्ट कोणी घेतले नसते. मारले असे, की त्या धुना खुणा म्हणून राहिल्या, रचना म्हणून नव्हे. आणि खुणेचे आयुष्य ती ओळखणाऱ्या माणसाइतकेच असते. डिक बार्टनच्या कथा ऐकणारी मुले आता अतिवृद्ध झाली आहेत. त्यांच्यामागे ती खूण वाचणारा कोणी उरणार नाही. त्यानंतर 'डेव्हिल्स गॅलप' टिकायचे असेल, तर ते त्यातील स्वरांच्या बळावरच टिकले पाहिजे.

१९९० च्या दशकात रोनाल्ड कॉर्प आणि त्यांचा न्यू लंडन ऑर्केस्ट्रा यांनी या रचना संपूर्ण स्वरूपात, मूळ वाद्ययोजनेसह पुन्हा ध्वनिमुद्रित केल्या. या कामाचे महत्त्व केवळ जुन्याची जपणूक एवढेच नाही. निवेदकाच्या आवाजावाचून, पक्ष्यांवाचून, आरंभापासून अखेरपर्यंत रचना ऐकण्याची सोय झाल्यामुळे तिची परीक्षा शक्य झाली. अशा परीक्षेत सर्वच रचना उतरतात असे नाही. काहींत धुनेपलीकडे काही नाही, आणि आठवणीचा आधार काढताच त्या कोसळतात. कोट्स व फार्नन यांच्या उत्कृष्ट रचनांत मात्र अंतर्गत स्वरांची हालचाल, वाद्यांचे परस्परांना उत्तर देणे आणि लयीचा डौल इतका नेटका आहे की त्यांना कोणत्याही आठवणीची शिफारस लागत नाही.

तेव्हा समीक्षेचे काम दुहेरी आहे. श्रोत्याच्या आठवणीला तिने हसू नये. ज्या धुनेने एखाद्याला गेलेली आई क्षणभर परत दिली, ती धून क्षुद्र आहे असे सांगण्याचा अधिकार समीक्षेला नाही. परंतु त्या आठवणीलाच रचनेचे मूल्य समजण्याची चूकही तिने करू नये. आठवण श्रोत्याची असते. मागचा स्वर पुढच्या स्वरात रेंगाळत ठेवण्याची युक्ती रचनाकाराची असते. या दोहोंचा हिशेब वेगवेगळा मांडला, आणि धुनेच्या गोडव्याखाली जे विसरले गेले तेही त्या हिशेबात धरले, म्हणजे पोथीतील पिंपळपान खूण म्हणून ठेवण्यापुरतेच होते, की त्याच्या शिरांची जाळी मुळातच पाहण्याजोगी होती, याचा निर्णय प्रत्येक रचनेपुरता करता येईल.